औट इंच पाणी

"आउट म्हणाले ना ते? म्हणजे फर्नेस गेली?"

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये, जिन्यावर उभी असलेली बाई आपल्या नवऱ्याला हळूच विचारत होती. मी तिच्या दोन पायऱ्या खाली टॉर्च धरून उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. नवरा म्हणाला, "तुला सांगितलं होतं. घर घेताना इन्स्पेक्शनवाल्याने नीट बघितलंच नाही." आणि त्याने फोन काढून नवीन फर्नेस शोधायला सुरुवात केली.

खाली, घर गरम ठेवणाऱ्या त्या फर्नेससमोर उपड्या बादलीवर बसलेले बोंडे काका मात्र खुशीत होते. "औट," ते पुन्हा म्हणाले. "अगदी औट. केसभरही इकडे-तिकडे नाही."

मीही तेव्हा 'आउट'च ऐकलं होतं. एखाद्याची फर्नेस बंद पडल्याचा इतका आनंद कुणाला कसा होऊ शकतो, असा विचार करत मी टॉर्च सरळ धरून ठेवला. वर चहा पिताना त्या नवऱ्याने विचारलं, "मग काका, नवीन कुठली घेऊ?"

"नवीन कशाला? हिला काय झालंय?"

"तुम्हीच आउट म्हणालात ना."

काका त्याच्याकडे बघत राहिले. "औट, अरे. साडेतीन. साडेतीन इंच. शाळेत औटकी नव्हती का तुला?"

"काका, मी नाशिकला कॉन्व्हेंटमध्ये होतो."

"अरेरे," काका म्हणाले, जसं कुणाच्या आजारपणाचं कळल्यावर म्हणतात तसं. मग त्यांनी तिथेच, चकली खात, त्याला आणि त्याच्या बायकोला शिकवलं, "एक औट औट, दोन औट सात, तीन औट साडेदहा." ती दोघं हसत होती. मी हसले नाही, कारण मी ठाण्याला कॉन्व्हेंटमध्ये होते आणि पुढचा प्रश्न मला येईल अशी मला भीती होती.

स्टेट कॉलेज नावाच्या गावी मास्टर्स संपवून मी ट्रॉयला नोकरीला आले, तेव्हा बोंड्यांच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली. काका मूळचे अमरावतीजवळच्या एका गावचे. गॅसची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीच्या टेस्टिंग लॅबमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली, म्हणजे तीस वर्षं त्यांनी बर्नर पेटवून ज्वाळा बघितल्या. रिटायर झाल्यावर त्यांना बघायला ज्वाळा उरली नाही, म्हणून ते लोकांच्या बेसमेंटमध्ये जाऊ लागले. हे काकूंचं म्हणणं. "लोक रिटायर झाले की क्रूझला जातात," त्या म्हणायच्या. "आमचे हे तळघरात जातात."

ऑक्टोबर लागला की काकांना चैन पडत नसे. पहाटे थर्मोस्टॅटपाशी जाऊन उभे राहायचे. फर्नेस सुरू झाली की जमिनीला कान लावल्यासारखे वाकायचे. मग फोन सुरू व्हायचे. मंडळाच्या गणपतीत कुणी नवीन घर घेतल्याचं कळलेलं असे, त्यांचा नंबर आधीच काकांच्या डायरीत आलेला असे. "भट्टी मोजली का या वर्षी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. हॅलो नाही, कसे आहात नाही. ते फर्नेसला भट्टीच म्हणायचे. ज्यांना माहीत नसे ते घाबरायचे.

काका मोजायचे ते गॅसचं प्रेशर. घरातल्या फर्नेसला गॅस इतक्या हलक्या दाबाने जातो की तो पाण्याच्या उंचीत मोजतात. काकांकडे त्यासाठी एक फळी होती. तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून ठोकलेली, मध्ये लाकडी पट्टी, आणि नळीत अर्ध्यापर्यंत पाणी. पाणी दिसावं म्हणून त्यात जिलबीचा केशरी रंग. फर्नेसच्या व्हॉल्व्हवर एक बारीक स्क्रू असतो. गॅस बंद करून तो काढायचा, तिथे नळीचं एक टोक लावायचं, आणि फर्नेस पेटवायची. गॅस एका बाजूचं पाणी खाली ढकलतो, दुसऱ्या बाजूचं वर चढतं. दोन पातळ्यांमध्ये जे अंतर पडतं ते प्रेशर. "मीटरकडून येतो सात, भट्टीला जातो औट," काका म्हणायचे. त्यांच्या बोलण्यावरून असं वाटायचं की गॅस कंपनीने औटकीचा पाढा म्हणूनच हे आकडे ठरवलेत.

त्यांच्या मुलीने ॲरिझोनाहून त्यांना बॅटरीवर चालणारं मीटर पाठवलं होतं. ते कपाटात डब्यातच होतं. "ते आकडा सांगतं," काका म्हणाले. "पाणी थरथरतं. थरथरलं तर का थरथरलं, हे विचारता येतं. आकड्याला काय विचारणार?"

काढलेला स्क्रू ते शर्टाच्या खिशात टाकायचे आणि खिशाचं बटण लावायचे. खिशाला बटण नसलेला शर्ट त्यांच्याकडे नव्हताच. मोजून झालं की स्क्रू परत बसवायचे, त्यावर साबणाचं पाणी सोडायचे आणि मला विचारायचे, "फुगा?"

"नाही," मी म्हणायचे.

गॅस गळत असेल तर तिथे फुगा येतो. तो कधी आला नाही. पहिल्या हिवाळ्यात लोकांच्या घरी मी जे बोलले ते बहुतेक एवढंच होतं. काकांना अंधार पडल्यावर गाडी चालवायला नको वाटायचं, म्हणून मी त्यांना न्यायचे, आणि नेल्यावर गाडीत बसून राहणं बरं दिसत नाही, म्हणून टॉर्च धरायचे. लोक विचारायचे, ही कोण? काका म्हणायचे, "ही आमची मौनी. प्रेशर भरपूर आहे, व्हॉल्व्ह बंद." सगळे हसायचे. मला राग यायचा, पण तो दाखवायचा तर बोलावं लागलं असतं.

एकदा बोलले होते. त्या पहिल्याच हिवाळ्यात, ट्रॉयमधल्या एका डॉक्टरांच्या घरी, काकांनी मला बोलावलं, "ये, तू वाच." माणसं जमली होती. मी वाकून बघितलं. पाणी मधल्या रेघेपासून जितकं चढलं होतं तितकं मोजलं आणि म्हणाले, "वन अँड थ्री फोर्थ्स."

"मराठीत."

पावणे हा शब्द मला माहीत होता, पण तो कशाच्या आधी लावायचा हे मला आयुष्यात कधी खात्रीने कळलेलं नव्हतं. "पावणे... एक?" मी म्हणाले. मग माझं मलाच वाटलं की हे फारच कमी झालं, आणि मी मोठ्याने म्हणाले, "खूप लो आहे, काका." डॉक्टरांच्या बायकोने लगेच मुलांना वर पाठवलं.

काका इतके हसले की त्यांना बादलीवरून उठावं लागलं. "एका बाजूला पावणेदोन चढलंय, दुसऱ्या बाजूला पावणेदोन उतरलंय. दोन्ही मिळून औट. तू अर्धी नळी वाचलीस, मौनी." पुढचा महिनाभर ते ही गोष्ट प्रत्येक घरी सांगत होते. मी ठरवलं की पुन्हा वाचायचं नाही. 'नाही' एवढं पुरे आहे.

पण त्यांचं वाचणं मी बघत राहिले. फर्नेस पेटली की ते डोळे नळीवर लावून थांबायचे. पाणी वर-खाली होऊन शांत व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. एका घरी यजमान क्रिकेटबद्दल काही सांगत होते, तर काकांनी त्यांना हाताने थांबवलं, आणि पाणी स्थिर झाल्यावरच म्हणाले, "हं, मग? कोण आउट झालं?"

ते कुणाच्या भट्टीचा स्क्रू फिरवत नसत. गॅसच्या कामाचं लायसन्स संपल्यापासून फक्त मोजायचे. प्रेशर कमी-जास्त निघालं तर लायसन्सवाल्याला बोलवायला सांगायचे. एका मॅनेजरसाहेबांनी व्हिडिओ बघून स्वतःच प्रेशर वाढवून ठेवलं होतं, बायकोला थंडी वाजते म्हणून. काकांनी मोजलं, साडेचार. ते ओरडले नाहीत. त्यांनी फर्नेसचा स्विच बंद केला, वर आले, सोफ्यावर बसले आणि कोट अंगात घातला.

"काका, हीट बंद का केलीत?"

"लायसन्सवाल्याला फोन लावा. तो येतो म्हणाला की मी उठतो."

"आज संडे आहे काका. उद्या सकाळी लावतो ना."

"चालेल. मी इथेच आहे. उशी असेल तर द्या."

अर्ध्या तासाने फोन झाला. गाडीत काका मला म्हणाले, "ज्वाळा मोठी झाली की लोकांना वाटतं ऊब वाढली. आतला पत्रा तापतो, तापून तापून चिरतो. मग जो विषारी वायू धुराड्यातून जायचा तो घरात येतो. त्याला वास नाही, रंग नाही. अलार्म असतो घराघरात, पण कांदा परतताना वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवलेली असते."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. काका शिकायला आले त्या पहिल्या हिवाळ्यात डेट्रॉइटमध्ये ते धरून चार मुलं एका भाड्याच्या घरात राहत होती. सगळ्यांचं डोकं दुखायचं, भूक मेली होती, सकाळी उठवत नसे. "आम्हाला वाटलं घरची आठवण येते. चौघंही पहिल्यांदाच आलेलो. एकजण तर आईची पत्रं वाचून रडायचा, आम्ही त्याला म्हणायचो, होतं असं. रविवारी उद्यानात गेलो की बरं वाटायचं. मग आम्ही म्हणायचो, पाहा, माणसांत मिसळलं की बरं वाटतं." शेवटी घरमालक दुसऱ्याच कामाला आला, त्याला वरच्या खिडक्यांवर आतून पाणी साचलेलं दिसलं, भट्टीची वाफ बाहेर जात नाही हे त्याने ओळखलं आणि तो खाली गेला. त्याच्याकडे काचेची वाकडी नळी होती. "त्याने नळी लावली आणि पाणी सरकन चढलं. मी जिन्यात उभा होतो. आठवण नव्हती ती, मौनी. पाच इंच होतं."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "थोडी आठवणही असेल."

दुसरा हिवाळा नीट गेला. तिसऱ्या ऑक्टोबरात काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून कोथिंबीर निवडायला दिली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांना आता पेपरातला मधला मजकूर दिसत नाही. कडेचं दिसतं, मधे राखाडी ठिपका येतो म्हणतात. डॉक्टर इंजेक्शन देतात डोळ्यात. कुणाला सांगू नकोस, त्यांना आवडायचं नाही."

"मग या वर्षी जायचं का?"

"तू सांगून बघ," काकू म्हणाल्या. "तुझं ऐकतील. कधी काही बोलत नाहीस, त्यामुळे ऐकतील."

मी सांगितलं नाही.

आता त्यांच्याकडे बघितलं की कळायचं. नळी बघताना ते तोंड बाजूला वळवायचे, कोंबडी दाण्याकडे बघते तसं. हातांना मात्र सगळं पाठ होतं. व्हॉल्व्ह, स्क्रू, खिसा, बटण, काही चुकत नव्हतं. फक्त एक बदल झाला. पाणी शांत व्हायच्या आधीच ते म्हणायचे, "औट."

पहिल्या घरी मी गुपचूप दोन्ही बाजू मोजल्या. औट होतं. दुसऱ्या घरी औट होतं. सहाव्या-सातव्या घरापर्यंत औटच होतं, आणि मला वाटायला लागलं की हे असंच चालेल. बहुतेक फर्नेस ठीकच असतात. काका जातात, औट म्हणतात, चहा पितात, सगळ्यांना बरं वाटतं. तरी प्रत्येक घरी ते औट म्हणाले की मी त्यांच्या खांद्यावरून नळीकडे बघायचे. घरी आल्यावर झोपायच्या आधी आठवून बघायचे, दोन्ही बाजू मोजल्या होत्या ना.

नोव्हेंबरातला शनिवार, दुपारची वेळ. पुन्हा नोव्हाय. पुण्याहून आलेलं जोडपं, निखिल आणि सायली. घर नुकतंच घेतलेलं, बाळ तीन महिन्यांचं. सायली बाळाला खांद्यावर घेऊन बेसमेंटपर्यंत आली. "काका, हीट लागली की एकदम गरम होतं, मग लगेच बंद होते, परत लागते," ती म्हणाली. "नॉर्मल आहे ना?"

"पाहू," काका म्हणाले.

फर्नेस पेटली. ज्वाळेचा आवाज मला जरा मोठा वाटला. पाणी सरकलं. काका तोंड वळवून बसले होते. "औट," ते म्हणाले.

पाणी अजून चढत होतं. मग थांबलं. मी डावीकडे बघितलं, अडीच खाली. उजवीकडे बघितलं, अडीच वर. मी पुन्हा बघितलं. मला वाटलं, मी परत काहीतरी चुकीचं वाचतेय. वाटलं, या फर्नेसला पाचच लागत असेल. पण माझ्या डोळ्यांसमोर तिच्या दारावर कंपनीची पाटी होती आणि तिच्यावर साडेतीन छापलं होतं.

"म्हणजे हीट ठेवू ना चालू, बिनधास्त?" सायलीने विचारलं.

"बिनधास्त," काका म्हणाले.

निखिल म्हणाला, "थँक यू काका, यार, फार टेन्शन होतं हिला." काकांनी गॅस बंद केला, नळी काढली, खिशाचं बटण उघडलं, स्क्रू बसवला, साबणाचं पाणी सोडलं.

"फुगा?"

"नाही," मी म्हणाले.

वर पोहे झाले होते. सायलीने काकांना बाळ घ्यायला दिलं. काकांनी त्याला औटकी म्हणून दाखवली आणि ते त्यांच्या चष्म्याकडे बघत राहिलं. तिथे बोलायला किती वेळ होता, हे मला आजही माहीत आहे. मी पोहे संपवले, बशी विसळून ठेवली, शूज घातले. सायलीच्या सासूबाई पुण्याहून व्हिडिओवर होत्या, त्यांनीही काकांना नमस्कार केला. काकांनी कोपराने फळी सांभाळत दोन्ही हात जोडले.

पुढचं थोडक्यात सांगते. बोंडे काका आता ट्रॉयमध्ये नाहीत. त्यानंतरच्या उन्हाळ्यात घर विकून ते आणि काकू मुलीकडे ॲरिझोनाला गेले. तिथे भट्टी फारशी लागत नाही, आणि त्यामुळे ते दिवसभर घरात येरझाऱ्या घालतात, असं काकू फोनवर सांगतात. सायलीचं बाळ आता पळतं. त्या फर्नेसचा व्हॉल्व्ह बदलला, आणि आतला पत्रा अजून चिरला नव्हता. पण काकांबद्दल लिहायला बसले की मला ही शेवटची माहिती आठवत नाही. आठवते ती गाडी.

बर्फ सुरू झाला होता, बारीक, काचेवर टिकत नव्हता. काका शेजारी बसले होते, फळी मांडीवर उभी. नळीतलं पाणी गाडीबरोबर डुचमळत होतं. ते फार आनंदात होते.

"पोह्यात शेंगदाणे जरा जास्त परतले होते," ते म्हणाले. "पण पोर छान आहे. रडत नाही. तुझ्या जातीचं आहे."

 पहिला सिग्नल गेला. मी मनात वाक्य तयार करत होते, इंग्रजीत, मग मराठीत, मग दोन्ही मोडून. 'काका, आय थिंक' नाही. 'काका, मला वाटतं' नाही. मला वाटत नव्हतं, मला माहीत होतं. दुसरा सिग्नल गेला. त्या घरात आता हीट लागली असेल, बंद झाली असेल, परत लागली असेल. बाळाची खोली फर्नेसच्या बरोबर वर होती. सायलीने ते कौतुकाने दाखवलं होतं, सगळ्यांत उबदार खोली म्हणून.

"पुढच्या शनिवारी कुणाकडे जायचंय?" काकांनी विचारलं. "डायरीत पाहून सांग बरं. माझा चष्मा पुसायला झालाय."

चष्मा स्वच्छ होता.

हायवेवर जायच्या वळणावर मी वळले नाही. सरळ गेले, एका ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये शिरले आणि गाडी उभी केली. समोर दुकानाचं मोठं लाल अक्षरांचं नाव, ट्रॉल्यांची रांग, बर्फात पिशव्या घेऊन पळणारी माणसं.

काकांनी सीट बेल्ट सोडवला. "आलं घर?" ते म्हणाले, आणि दाराचा खटका चाचपू लागले.

मी त्यांच्या बाजूचं दार लॉक केलं. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, म्हणजे माझ्या जरा बाजूला बघितलं, कारण तसं बघितलं तरच मी त्यांना दिसत असेन. दोन्ही हात फळीवर होते. खिशाचं बटण लावलेलं होतं. एवढ्या जवळून त्यांच्याकडे मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. ते वाट बघत होते, पाणी शांत व्हायची बघायचे तशी.

"काका, तिथे पाच होतं," मी म्हणाले. "मी दोन्ही बाजू मोजल्या. तुम्हाला दिसलं नाही, आणि मला दिसलं तरी मी गप्प बसले. मी सायलीला फोन लावते, हीट बंद करून बाळाला घेऊन बाहेर थांब म्हणून सांगते, आणि आपण आत्ता परत जातोय."